सॅन होजेचं घड्याळ: साडेबारा, साडेतेरा आणि सूर्याचे तेरा तास

२०२४ ची भाऊबीज रविवारी आली, ३ नोव्हेंबरला. संध्याकाळी साडेसातला ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी मी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि पाटावर मोबाइल उभा केला. ताम्हणात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. तिथे आता सकाळचे सात, म्हणजे तो चहा टाकत असेल, असा माझा हिशेब. फोन लागला आणि पडद्यावर नुसता अंधार. थोड्या वेळाने दिवा लागला, विस्कटलेले केस दिसले. "ताई, अगं सहा वाजलेत! रात्री घड्याळं मागे गेली इथली."

मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. शेजारून आई म्हणाली, "झोपू दे त्याला. पण आधी ओवाळून घे."

ओवाळलं. द्वितीया रात्री दहाच्या सुमारास संपायची होती, त्यामुळे तसाही फार वेळ नव्हता. पण त्या रात्री मी वही घेऊन बसले. गेली कित्येक वर्षं मी ही वजाबाकी पाठ म्हटल्यासारखी करत होते. तिच्या आत काय काय दडलं आहे हे कधी नीट उलगडून पाहिलंच नव्हतं. ज्यांची भावंडं, मुलं, नातवंडं तिकडे आहेत, किंवा ज्यांच्या घरात कुणी ऐरोलीच्या आयटी कंपनीत यूएस शिफ्ट, म्हणजे अमेरिकेच्या घड्याळाने रात्रपाळी करतं, त्यांच्यासाठी ती वही इथे उघडते आहे.

आधी सोपी युक्ती. मार्च ते नोव्हेंबर या उन्हाळी काळात सॅन होजे आपल्या साडेबारा तास मागे असतं. बोटं मोजायची गरज नाही. आपल्या घड्याळातून अर्धा तास काढायचा आणि सकाळची संध्याकाळ करायची. आपले सकाळचे सात, त्यांचे संध्याकाळचे साडेसहा. आपले रात्रीचे साडेआठ, त्यांचे सकाळचे आठ. नोव्हेंबर ते मार्च हा फरक साडेतेरा तासांचा होतो, तेव्हा अर्ध्याऐवजी दीड तास काढायचा. वार कुठला? दुपारी साडेबारापर्यंत (थंडीत दीडपर्यंत) ते लोक कालच्या वारात असतात, त्यानंतर आपला आणि त्यांचा वार एक होतो. म्हणून आपल्या सोमवारी सकाळी पोळ्या लाटताना भाऊ रविवारच्या संध्याकाळी गॅलरीत बसलेला दिसतो, आणि माझ्या पोटात उगाच दुखतं.

आता हे साडेबारा आले कुठून ते बघू.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटं. ठाणे ग्रिनिचच्या पूर्वेला जवळजवळ ७३ अंशांवर आहे, सॅन होजे पश्चिमेला जवळजवळ १२२ अंशांवर. बेरीज १९५. गुणिले चार, ७८० मिनिटं. म्हणजे बरोबर तेरा तास! ठाण्यात सूर्य डोक्यावर आला की तो सॅन होजेच्या डोक्यावर यायला तेरा तास लागतात, आणि यात उन्हाळा-हिवाळा काही नाही. सूर्याला विचारलं तर उत्तर तेरा. आपल्या घड्याळांना विचारलं तर कधी साडेबारा, कधी साडेतेरा. तेरा मात्र कधीच नाही. मला हे पहिल्यांदा कागदावर दिसलं तेव्हा मी आईला उठवून सांगितलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

हा अर्धा तास इकडेतिकडे का होतो, याची अर्धी गोष्ट आपल्याकडची आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. साडेब्याऐंशी भागिले पंधरा, साडेपाच. ग्रिनिचपेक्षा आपण साडेपाच तास पुढे ते यामुळे. ठाणे त्या रेषेच्या साडेनऊ अंश पश्चिमेला, म्हणून आपल्या मनगटावरचं घड्याळ आपल्याच सूर्याच्या सुमारे ३८ मिनिटं पुढे धावतं. खात्री करायची असेल तर गच्चीवर एक काठी उभी रोवा. तिची सावली सर्वांत आखूड बाराला होत नाही, सरासरी बारा अडतीसला होते. फेब्रुवारीच्या मध्याला तर बारा बावन्नच्या आसपास, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा बावीसलाच. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, म्हणून हा पाव तासाचा हेलकावा. आमच्या शाळेच्या गच्चीवर मुलांकडून हा प्रयोग दरवर्षी करून घ्यायचे. "बाई, घड्याळ चुकलंय" असं म्हणणारा एक तरी मुलगा निघायचाच. त्याला मी मनात पैकीच्या पैकी देत असे.

मुंबईनेही एकेकाळी हेच म्हटलं होतं. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. एका रात्रीत ३९ मिनिटं पुढे जायला लोक तयार नव्हते. ऐन थंडीत गिरणीचा भोंगा तेवढा आधी वाजणार म्हटल्यावर कामगार चिडले, आणि महापालिकेने मुंबई टाइम तसाच चालू ठेवला, तो थेट १९५५ पर्यंत. रेल्वे एका वेळेवर, शहर दुसऱ्या. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची, तीही मुंबईपेक्षा अर्ध्या तासाने पुढेच होती. खरं तर ही सगळी भानगड रेल्वेमुळेच आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तोवर गावागावाचा सूर्य वेगळा असण्याने कुणाचं काही अडत नव्हतं. बैलगाडीला टाइमटेबल लागत नाही.

तिकडेही तेच. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ ला आपापसांत ठरवून देशाचे वेळेनुसार पट्टे पाडले. सरकारने त्याचा कायदा केला १९१८ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. सॅन होजेचा पट्टा १२० अंश पश्चिमेवर ठरतो आणि शहर त्याच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे त्यांचं घड्याळ त्यांच्या सूर्यापेक्षा जेमतेम आठ मिनिटं पुढे. आपलं ३८, त्यांचं ८. वजा केलं की ३० मिनिटं उरतात. सूर्याच्या तेरा तासांत ती मिळवा, हिवाळ्याचे साडेतेरा आले.

आईची पत्रिका हा याच गोष्टीचा घरगुती पुरावा. तिचा जन्म १९४० चा, गिरगावातला. जन्मवेळ लिहिलेली आहे पहाटे पाच दहा. पत्रिका करायला गेलो तेव्हा गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला, "मुंबई टाइम की स्टँडर्ड?" कुणालाच ठाऊक नाही. लग्नराशी साधारण दोन तासांत बदलते, मग ३९ मिनिटांत माणसाचं नशीब इकडचं तिकडे होऊ शकतं. आमच्या आजोबांनी कुठल्या घड्याळाकडे पाहिलं यावर आईची लग्नरास टांगलेली आहे. १९४२ ते ४५ मध्ये जन्मलेल्यांची तर आणखी पंचाईत, कारण युद्धकाळात भारताचं घड्याळही एक तास पुढे केलेलं होतं. आपल्याकडे घड्याळ पुढेमागे करणं कधी झालंच नाही असं आपण समजतो, ते तितकंसं खरं नाही.

आणि हाच उद्योग अमेरिका दरवर्षी करते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एकदम तीन दाखवतं, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनचा पुन्हा एक होतो. हेतू असा की उन्हाळ्यातला लवकरचा उजेड झोपेत वाया जाऊ नये, तो उचलून संध्याकाळी ठेवावा. मग सॅन होजेचं घड्याळ सूर्याच्या ६८ मिनिटं पुढे जातं आणि आपल्याशी फरक साडेबारावर येतो. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१८ मध्ये हा प्रकार बदलायला वाट करून देणारा कौल दिला, पण कायम उन्हाळी वेळ ठेवायला अमेरिकी संसदेची परवानगी लागते. ती नाही, म्हणून अजून घड्याळं फिरतातच. २०२४ ला तो नोव्हेंबरचा पहिला रविवार नेमका भाऊबीजेला आला. इथे दुपारचे अडीच वाजले तेव्हा तिथे एक तास गुपचूप वाढला आणि पाच तासांनी मी निरांजन लावून बसले.

माझा मुलगा ऐरोलीला कामाला आहे, त्याला हे सांगायला लागत नाही. त्याच्या क्लायंटचं ऑफिस नऊ ते पाच, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच, हिवाळ्यात साडेदहा ते साडेसहा. एका रविवारनंतर पूर्ण टीमचा पिकअप एक तासाने सरकतो. थंडीतली शिफ्ट त्याला बरी वाटते, कारण सुटल्यावर ट्रान्स हार्बरची ठाणे लोकल आणि स्टेशनबाहेरचा चहा दोन्ही हाताशी असतं, कॅबची वाट बघावी लागत नाही. त्यांचा शुक्रवार आपल्याकडे शनिवारी पहाटे संपतो आणि त्यांचा सोमवार आपल्या सोमवारी रात्री उगवतो. म्हणून सोमवारी दिवसा हा माणूस घरात लोळत असतो आणि सोसायटीतले काका विचारतात, "नोकरी सुटली काय?" लंडनची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेची त्यानंतर. मधल्या दिवसांत तिन्ही ठिकाणच्या मीटिंगांचा काय गोंधळ होतो ते त्याच्याच तोंडून ऐकावं, मला झेपत नाही.

शरीराचं घड्याळ मात्र कायद्याने फिरत नाही. मी पहिल्यांदा भावाकडे गेले तेव्हा आठवडाभर रात्री दोनला टक्क जागी, आणि पोटात कावळे. ठाण्यात तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले असत, जेवणाची वेळ टळून गेलेली. आपल्या पेशींमध्ये साधारण चोवीस तासांचा ठेका धरणारी जनुकं असतात. ती कशी काम करतात हे उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या ठेक्याला रोज लावून देणारी किल्ली म्हणजे डोळ्यांवर पडणारा उजेड. मी तिथल्या उन्हात फिरले आणि सावरले. मुलाचं दुखणं वेगळं आहे. तो काम करतो सॅन होजेच्या दिवसात आणि घरी येतो ठाण्याच्या उन्हातून, त्यामुळे त्याची किल्ली रोज उलटी फिरते. त्याच्या खोलीला जाड काळे पडदे लावले आहेत. पण सकाळी दहाला भंगारवाला खाली ओरडायला लागला की पडद्यांचा काय उपयोग?

तासांचा हिशेब जमला तरी एक गोष्ट राहतेच. तिकडच्या त्या तासाला माणूस काय करत असतो? इथे अक्षांश येतो. ठाणे १९ अंश उत्तरेला, सॅन होजे ३७. आपल्याकडे वर्षातला मोठ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि लहानात लहान अकरा तासांचा. दिवेलागण फार तर सहा ते सव्वासात यांच्यामध्ये फिरते. सॅन होजेचा मोठा दिवस पावणेपंधरा तासांचा, लहान साडेनऊचा. जूनमध्ये सूर्य साडेआठला मावळतो, डिसेंबरात पाचच्या आतच.

याचा परिणाम आमच्या घरात शुभंकरोतीवर झाला. भाची सात वर्षांची आहे. ती संध्याकाळी आजीबरोबर फोनवर शुभंकरोती म्हणते, म्हणजे आपली सकाळ. एका पडद्यावर तिन्हीसांजा, दुसऱ्यावर दूधवाला. डिसेंबरात तिच्या सहाला, आपल्या साडेसातला, तिकडे गच्च काळोख असतो आणि दिव्याला नमस्कार करायला अर्थ असतो. जूनमध्ये तिच्या सातला खिडकीतून रणरणतं ऊन येत असतं. "आजी, दिवा लावायची काय गरज आहे?" असं तिने विचारलं. त्यांचं रात्रीचं जेवण साडेसहाला असतं, तेही उन्हात. आईला हे पटत नाही. "उन्हात जेवलं तर ते दुपारचंच," असं तिचं ठाम मत आहे.

ऋतूही तिथे उलटे वाटतात, उत्तर गोलार्ध एकच असून. जुलैत आपला ठाण्याचा येऊरचा डोंगर हिरवागार, धबधबे, चिखल, पोलिसांचा बंदोबस्त. त्याच दिवसांत सॅन होजेच्या पूर्वेचे डोंगर वाळून सोनेरी झालेले असतात, कारण तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो. फेब्रुवारीत ते हिरवे होतात आणि येऊरची पानगळ सुरू झालेली असते. मी जुलैत "इथे धो धो पडतोय" म्हणाले की भाऊ नुसता हं करतो. त्याला त्या वासाची आठवण येत असावी, तो कबूल करत नाही.

आता तिथीबद्दल, कारण दर दिवाळीत याच प्रश्नाचे फोन येतात. घड्याळ गावोगावचं वेगळं, पण तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी बदलते. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपली. हे आकाशात घडतं, त्याला ठाणे काय आणि कॅलिफोर्निया काय. सण कुठल्या दिवशी करायचा हे मात्र त्या त्या गावच्या सूर्योदयावर, सूर्यास्तावर किंवा चंद्रोदयावर ठरतं. २०२४ चंच लक्ष्मीपूजन घ्या. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. ठाण्यात १ तारखेला सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळला, तेव्हा अमावास्या काही मिनिटं का होईना, शिल्लक होती. आपल्या बहुतेक दिनदर्शिकांनी शुक्रवार, १ नोव्हेंबर दिला. सॅन होजेत तीच अमावास्या ३१ च्या पहाटे साडेतीनच्या आसपास लागली आणि १ च्या पहाटे पावणेसहाला संपूनही गेली. त्यांना अमावास्येची संध्याकाळ एकच मिळाली, ३१ ची, आणि त्या दिवशी तिथे हॅलोविन. भाची चेटकिणीच्या टोपीत पूजेला बसली. लक्ष्मीला चालत असावं.

संकष्टीचंही असंच. आपण मंगळवारी रात्री नऊला चंद्र बघून उपास सोडतो, तेव्हा त्यांच्याकडे मंगळवारची सकाळ झालेली असते. त्यांचा आधीचा चंद्रोदय सोमवारी रात्रीचा, नंतरचा मंगळवारी रात्रीचा. या दोघांपैकी चतुर्थीत कुठला सापडतो त्यावर त्यांची संकष्टी ठरते, त्यामुळे कधी ती आपल्या एक तारीख आधी येते. ठाण्याची दिनदर्शिका तिकडे पाठवून उपयोग नाही. दरवर्षी मी भावाला ती न चुकता पाठवते, हा भाग वेगळा. मागच्या पानांवरच्या पाककृती तरी कुठल्याही रेखावृत्तावर चालतात.

फोन कधी करायचा? कामाच्या दिवशी आपली सकाळ बरी, साडेसहा ते आठ. तिकडे ऑफिसातून परतणं, जेवण, मुलीचा गृहपाठ असा घोळ असतो, पण माणसं घरात असतात. आठनंतर भाचीची झोपायची वेळ होते. आपली रात्र म्हणजे त्यांची डबे भरायची घाई, तेव्हा लावलेला फोन "ताई, नंतर करतो" यावर संपतो. निवांत बोलायचं तर रविवारची रात्र. दोन्हीकडे रविवारच असतो, तिकडे चहा नुकता झालेला, इकडे मुगाची खिचडी कुकरमध्ये. नोव्हेंबर ते मार्च मात्र साडेआठच्या आधी लावू नका. कारण वर सांगितलंच आहे.

भाऊबीजेच्या त्या फजितीनंतर मी राम मारुती रोडवरून एक स्वस्त भिंतीवरचं घड्याळ आणलं, आईच्या खोलीत लावलं आणि खाली 'सॅन होजे' अशी चिठ्ठी चिकटवली. काटे अर्थात त्या दिवसांच्या हिशेबाने दीड तास मागे. आई दोन दिवस त्याच्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने ते उतरवायला लावलं.

"आपलं आहे ना एक," ती म्हणाली. "आता दीड तास मागे, मार्चात परत अर्धा तास, हो ना? मग चार महिने मी एक तास जास्त वजा करीन. त्याच्यासाठी भिंतीला दुसरा खिळा कशाला?"